घराच्या खतावणीतील राहून गेलेले खाते

दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडताना व्यापारी गतवर्षीच्या खात्यांवर एकवार दृष्टी फिरवितो. कोणते येणे राहिले, कोणते देणे फिटले, गोदामाच्या आगविम्याचा हप्ता केव्हा भरावयाचा, वजनकाट्याची पडताळणी कधी करून घ्यावयाची, हे सारे तो बारकाईने पाहतो. यंत्राला घसारा धरतो, छपराच्या डागडुजीसाठी रक्कम बाजूला ठेवतो. नुकसान होण्यापूर्वी त्याची तरतूद करणे हा व्यापाराचा पहिला धडा होय, आणि आपल्या बांधवांनी तो पिढ्यानुपिढ्या गिरविलेला आहे. परंतु ज्या घरासाठी हा सारा खटाटोप, त्या घराच्या न्हाणीतील ओल्या फरशीचे खाते आम्ही आजवर कोणाच्याही वहीत पाहिलेले नाही. या राहून गेलेल्या खात्याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले आहे. विषय कोणास क्षुल्लक वाटेल. पण पुढील हकीकत वाचल्यावर तसे वाटू नये, अशी आमची आशा आहे.

आमच्या परिचयाचे एक घर आहे. कर्ता पुरुष अडतीचा व्यवसाय करणारा, आई शहात्तर वर्षांच्या. काही वर्षांपूर्वी जुन्या वाड्याचा मागील भाग पाडून त्यांनी नवे बांधकाम केले आणि न्हाणीघरास आरशासारखी चकचकीत फरशी बसविली. ती पाहावयास शेजारीपाजारी येत. एके दिवशी पहाटे, देवदर्शनास जाण्यापूर्वी, आई स्नानास गेल्या. गुडघ्यांना लावलेले तेल तळपायाखाली आले आणि पाय सरकला. तोल सावरण्यासाठी हात टॉवेलच्या दांडीकडे गेला, तर ती दांडीच खिळ्यांसकट उखडून हातात आली. दाराला आतून कडी. शिवाय दार आतल्या बाजूस उघडणारे आणि आई दारालगतच पडलेल्या. कडी तोडून, दार तसूतसूने लोटून त्यांना बाहेर काढीपर्यंत बराच वेळ गेला. खुब्याचे हाड मोडले होते. नांदेडला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली.

खर्च लाखाच्या वर गेला. त्याचे त्या घरास फारसे वाटले नाही. वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. जी बाई पहाटे कोणासही न उठविता आपले सारे आवरीत असे, तिला आता शौचासही सुनेला हाक मारावी लागते. आम्ही समाचारास गेलो असता त्या म्हणाल्या, "तिथं धरायला काहीतरी असावं, असं मला वर्षभर वाटत होतं. पण नव्या घराच्या भिंतीला भोक पाडा, असं मुलाला कसं सांगायचं?" हे वाक्य आमच्या मनातून अद्यापि जात नाही. धोका त्यांना ठाऊक होता, मुलाजवळ पैसा होता, आणि मुलगा आईवर माया करणारा होता. उणीव एवढीच की, कोणी विचारले नाही आणि वहीत त्या खर्चाला जागा नव्हती.

ही एका घरापुरती गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर वर्षी जगात सुमारे ६,८४,००० माणसे पडण्यामुळे दगावतात. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात, आणि साठीपुढील माणसे त्यांत सर्वांत जास्त. अमेरिकेत २००८ या वर्षातील स्नानगृहांतील दुखापतींचा हिशेब करण्यात आला, तेव्हा तातडीच्या उपचारासाठी रुग्णालयात आलेल्या अशा सुमारे २,३४,००० व्यक्तींपैकी ८१ टक्के पडण्यामुळे जखमी झालेल्या होत्या. दुखापतीचे प्रमाण वयाबरोबर वाढत गेलेले होते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक होते. ज्या देशात घरोघरी सुखसोयींची रेलचेल, तेथील ही कथा. मग आपल्याकडील काय सांगावे?

येथे काही वडीलधारे म्हणतील, "आमचे वाडवडील दगडी न्हाणीतच आंघोळ करीत आले, तेव्हा कोण पडले?" हा आक्षेप ऐकून सोडून देण्याजोगा नाही, त्यात सत्याचा अंश आहे. मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे १ नोव्हेंबर १९५६ रोजी नांदेड जिल्ह्यातून निघून आंध्र प्रदेशातील आदिलाबाद जिल्ह्यात गेली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली मुधोळ निर्मळ जिल्ह्यात आले. राज्य बदलले, जिल्हा बदलला, पण घरातील मराठी आणि न्हाणीची रीत कितीतरी वर्षे तशीच राहिली होती. खडबडीत शहाबादी किंवा तांडूरची फरशी, तीवर पाट, पुढ्यात घंगाळ, हातात तांब्या. माणूस बसून स्नान करी. बसलेला माणूस पडला तरी फार उंचावरून पडत नाही. आज आपण उभ्याने स्नान करतो, पायाखाली गुळगुळीत फरशी असते, आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर तीवर साचत राहतो. दुसरी गोष्ट अशी की, स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. म्हणजे न्हाणी अधिक निसरडी झाली आणि तीत जाणारी माणसे अधिक वयाची झाली. वाडवडिलांचा दाखला आजच्या घरास लागू पडत नाही तो यामुळे.

शौचकूपाचेही तसेच. २ ऑक्टोबर २०१४ पासूनच्या स्वच्छ भारत मोहिमेत ग्रामीण घरांना शौचालयासाठी १२,००० रुपयांचे साहाय्य मिळाले आणि पुष्कळ घरांतून रात्री बाहेर जाण्याचे संकट टळले. हे मोठेच काम झाले. परंतु शौचकूप बांधले गेले, एवढ्यावरून म्हाताऱ्या गुडघ्यांना तेथे बसता-उठता येते, असे मात्र नव्हे.

तेव्हा या कामी खर्च किती आणि कोणत्या क्रमाने करावा? आमच्या मते क्रम शोभेचा नसावा, धोक्याचा असावा. जेथे थोड्या रुपयांत अधिक धोका टळतो, ते काम आधी. खालील रकमा आम्ही हिशेबासाठी धरल्या आहेत. गावागावांत भाव कमीअधिक असतील, ते विचारून आपापल्या वहीत मांडावेत.

पहिला टप्पा याच महिन्यात पुरा करावयाचा. आत पाणी निथळून जाणारी, खाली पकड असलेली रबरी चटई ५०० रुपये आणि दाराबाहेर पाय पुसण्यास दुसरी ३०० रुपये. पोलादी आधाराच्या दोन दांड्या, एक स्नानाच्या जागी व एक शौचकूपाजवळ, प्रत्येकी १,००० रुपये, आणि त्या बसविण्याची मजुरी ५००. पायांना रबर असलेले भक्कम स्टूल १,००० रुपये. पाटाची जुनी सवय या स्टुलाच्या रूपाने घरात परत येते, हे आम्हांस विशेष आवडते. चांगला दिवा आणि रात्री वाटेवर मंद उजेड देणारा दुसरा, मिळून ३०० रुपये. एकूण ४,६०० रुपये झाले. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. अमेरिकेतील सार्वजनिक इमारतींच्या नियमांप्रमाणे अशी दांडी जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर असते, भिंत व दांडी यांत दीड इंचाची फट असते, आणि तिने सुमारे ११३ किलो भार पेलला पाहिजे. स्टुलावर बसून स्नान करणाऱ्यास ती अर्थातच थोडी खाली लागेल. म्हणून ज्याच्यासाठी बसवावयाची, त्याला बसवून-उठवून हात कोठे जातो ते पाहावे आणि मगच खूण करावी. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही; तेथे जमिनीत रोवलेला पोलादी कठडा करावा.

दुसऱ्या टप्प्यात दार बाहेरच्या बाजूस उघडेल असे फिरवून घ्यावे आणि प्रसंगी बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवावी, त्यास २,५०० रुपये. बसक्या शौचकूपावर ठेवावयाची कमोडची खुर्ची २,५००. बसल्या जागी हाती येईल असा हातफवारा १,५००. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ, जिला दुकानात आर.सी.सी.बी. म्हणतात, मजुरीसह २,५००. एकूण ९,००० रुपये. बादलीत विजेची कांडी टाकून पाणी तापविण्याची सवय तर आजच सोडावी. त्यास एक पैसाही लागत नाही. गॅसवरील बंब बंद न्हाणीघरात असेल, तर तो विषारी वायू कोंडण्यापूर्वी बाहेर हलवावा. बादलीत थंड पाणी आधी व कढत मागाहून घालावे, म्हणजे भाजण्याचे भय राहत नाही.

तिसरा टप्पा मोठा आहे. सुमारे ३५ चौरस फुटांची फरशी उखडून, पाणी साचणार नाही असा उतार देऊन, खडबडीत पृष्ठाची नवी बसविण्यास १६,००० रुपये, आणि हवे तेथे नवे कमोड १२,००० रुपये, मिळून २८,०००. फरशी घेताना रंगाआधी पकड विचारावी. काही कंपन्यांच्या मालावर आर-९ ते आर-१३ असा क्रमांक असतो. आकडा जितका मोठा, तितकी पकड अधिक. पाण्याच्या जागी आर-१० वा आर-११ मागावी, आणि दुकानदाराकडून नमुन्याची एक फरशी घेऊन तीवर साबणाचे पाणी ओतून पाय ठेवून पाहावा. धान्य मुठीत घेऊन पारखल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. मग हीच काय ती डोळे मिटून घ्यावी?

तिन्ही टप्प्यांची बेरीज ४१,६०० रुपये होते. पहिले ४,६०० आजच्या शिलकेतून काढले, तर राहिले ३७,०००. दरमहा १,५५० रुपये या खाती जमा केल्यास सहा महिन्यांत दुसरा टप्पा आणि दोन वर्षांत तिसराही पुरा होतो. ज्यांना एवढे झेपणार नाही, त्यांनी पहिल्या टप्प्यावर थांबावे. निम्म्याहून अधिक काम त्यातच झाले, असे आम्ही समजू. कोणी म्हणेल की, सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी २०२४ पासून केंद्र सरकारची पाच लाखांपर्यंतच्या उपचाराची योजना आहे, मग चिंता कशाला? योजना चांगलीच आहे. परंतु ती रुग्णालयाचे देणे फेडील. स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत जाण्याचे गेलेले बळ कोणतीही योजना परत देत नाही.

जपानने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. तेथे एप्रिल २००० मध्ये सुरू झालेल्या वृद्ध-शुश्रूषा विम्यात घरातील दुरुस्तीसाठी दोन लाख येनपर्यंतच्या खर्चास साहाय्य मिळते; त्यातील दहा ते तीस टक्के वाटा घरच्यांनी सोसावयाचा. आधाराच्या दांड्या, उंबऱ्याची चढउतार काढणे, न घसरणारी जमीन, सोयीचे दार आणि खुर्चीसारखे शौचकूप अशी कामे त्यात नेमून दिलेली आहेत. आम्ही वर मांडलेली यादी तिच्याहून फारशी निराळी नाही. पडल्यावर खर्च करण्याऐवजी पडू नये म्हणून खर्च करणे, हा व्यापाऱ्याचाच हिशेब तेथील राज्यकर्त्यांनी मांडला. आपल्याकडे तसा विमा नाही. म्हणून आपल्या संघाने निदान एवढे करावे की, दांड्या, चटया व स्टुले घाऊक भावाने एकत्र मागवावीत, त्या नीट बसविणारा एक कारागीर ठरवून द्यावा, आणि ज्या सभासदास पहिल्या टप्प्याचीही रक्कम एकदम जड जाईल, त्यास ती बिनव्याजी देऊन वर्षभरात फेडून घ्यावी. वसुलीची चिंता करण्याइतकी ती रक्कम मोठी नाही.

एक शंका उरते. घरातील वडील माणसांस अशा दांड्या आपल्या म्हातारपणाचा डांगोरा वाटतात आणि ते नको म्हणतात. त्यास उपाय असा की, दांडी त्यांच्यासाठी म्हणून बसवूच नये. घरासाठी म्हणून बसवावी. गरोदर सुनेस ती लागते, तापातून उठलेल्यास लागते, धावत्या नातवंडासही लागते. जिना बांधताना कठडा करतो, तो कोणाच्या म्हातारपणासाठी करीत नाही.

व्यापारी बंधूंनी येत्या पाडव्यास नवी वही उघडताना हे खाते अवश्य उघडावे, आणि त्यात पहिली रक्कम लिहिण्याआधी घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून एवढेच विचारावे, "न्हाणीत तुमचा हात आधाराला कुठे जातो?" जेथे ते बोट दाखवतील, तेथे भिंतीला भोक पाडण्यास संकोच करू नये.