चष्मा गेला, डोळा तसाच

'चष्म्यापासून कायमची सुटका!' ही जाहिरात दिसली की माझं डोकं फिरतं. जाहिरातीतली मुलगी चष्मा भिरकावते, केस वाऱ्यावर उडतात, खाली सुलभ हप्त्यांची सोय. आता, लेसिकला माझा विरोध नाही हे आधीच सांगून टाकतो. नीट तपासण्या करून, योग्य माणसावर केली तर शस्त्रक्रिया चांगलीच आहे. माझं भांडण आहे ते तिच्याबरोबर फुकटात खपवल्या जाणाऱ्या समजुतीशी: नंबर गेला म्हणजे डोळे बरे झाले.

अहो, मोठा नंबर हे नुसतं लक्षण आहे. खरी भानगड डोळ्याच्या आकारात असते. माझा स्वतःचा नंबर मायनस ११, त्यामुळे हा विषय मी जरा खोदून वाचलाय. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलीमीटर असतो. तो लांबला की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि लांबचं धूसर दिसतं. ढोबळ हिशेब असा, की एका मिलीमीटरला अडीच ते तीन नंबर. मायनस ६ च्या पुढे नंबर किंवा २६ मिलीमीटरच्या पुढे लांबी गेली की प्रकरण 'हाय मायोपिया' मध्ये जातं. चेंडूचं अंडं होतं म्हणा ना! काहींच्या डोळ्याची मागची भिंत तर एका जागी बाहेर फुगते, त्याला स्टॅफिलोमा म्हणतात.

आता गंमत बघा. डोळा लांबला तरी आतला पडदा, म्हणजे रेटिना, त्या मापाने वाढत नाही. पीठ तेवढंच आणि पोळी मोठी लाटायची, तर ती पातळ होणारच. कडेला पडदा विरतो, भोकं पडतात. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ अशा डोळ्यांत लवकर आकसतो आणि सुटताना पडद्याला ओढतो. पडदा फाटला आणि फटीतून पाणी मागे शिरलं, की तो भिंतीपासून सुटू लागतो. मधोमध, जिथे आपण वाचतो त्या मॅक्युलाची झीज होते किंवा नको तिथे रक्तवाहिन्या फुटून रक्त साचतं. काचबिंदूचा वाढलेला धोका वेगळाच.

आणि लेसिक काय करते? डोळ्याच्या पुढच्या काचेचा, कॉर्नियाचा, आकार बदलते. बस्स! २८ मिलीमीटरचा डोळा ऑपरेशननंतरही २८ मिलीमीटरचाच राहतो. आत लेन्स बसवली तरी तेच.

खरी गोची पुढेच आहे. जाड काचा असताना निदान नंबर काढायला म्हणून तरी माणूस डॉक्टरकडे जायचा. आता तेही बंद. लग्नाच्या बायोडेटात 'चष्मा: नाही'. कंपनीच्या वार्षिक तपासणीत भिंतीवरची अक्षरं वाचली, ६/६, चला पुढे! एके ठिकाणी मी 'थेंब टाकून पडदा बघा' म्हटलं, तर 'सर, ते पॅकेजमध्ये नाही' असं उत्तर मिळालं. लॉगिनचं पान उघडलं म्हणून सर्व्हर ठणठणीत असल्याचा दाखला देण्यासारखं आहे हे.

'उगाच घाबरवतोयस' असं काही जण म्हणतील. मोठा नंबर असलेल्या बहुतेकांचा पडदा आयुष्यभर जागेवरच राहतो, अगदी मान्य. पण ज्यांचा सुटतो त्यांना आधी दुखत नाही, कारण पडद्याला वेदनाच कळत नाहीत. अचानक काळे ठिपके तरंगू लागणं, कडेला वीज चमकल्यासारखं होणं, एका बाजूने सावली सरकत येणं, एवढ्याच काय त्या खुणा. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. फाट वेळेवर सापडली तर लेसरने तिच्याभोवती कुंपण घालतात, काही मिनिटांत घरी. मॅक्युला सुटल्यावर मात्र मोठं ऑपरेशन, आणि नजर पूर्ण परत येईलच याची हमी नाही. फाट बुजवली तर पडदा पुन्हा चिकटतो हे स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं. त्याआधी पडदा सुटला की आंधळेपण जवळजवळ ठरलेलं. आज इलाज आहे, आणि आपण हरतोय कशावर, तर न केलेल्या तपासणीवर!

म्हणून माझी मागणी साधी आहे. चष्मा उतरवण्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येकाने डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत लिहावं: जुना नंबर एवढा, डोळ्याची लांबी एवढी, पडद्याची तपासणी डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने, आयुष्यभर. ते लिहीत नसतील तर तुम्ही मागून घ्या. नंबर मायनस ६ च्या पुढे असेल, किंवा ऑपरेशनच्या आधी होता, तर वर्षातून एकदा तरी थेंब टाकून पडदा तपासून घ्या. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, तेव्हा बाइक घरी ठेवा आणि रिक्षाने जा. अर्धा दिवस रजा पडेल, पडू दे. रिलीजसाठी शनिवार-रविवार घालवतोच ना आपण?