महागाई एक, निवृत्तिवेतने तीन

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरली आणि सरकारी नोकरांच्या पगाराविषयीचा जुना वाद पुन्हा पेटला. कर्मचारी संघटनांनी मूळ वेतन किती पटीने वाढावे याचे हिशेब मांडण्यास सुरुवात केली. तर खाजगी नोकरीत पिचणाऱ्या वर्गातून 'या सरकारी जावयांचे लाड आणखी किती पुरवायचे?' असा सूर उमटू लागला. हा सूर केवळ मत्सरापोटी निघतो असे समजणे चूक ठरेल. त्यामागे खरा अन्याय आहे. मात्र तो अन्याय करणारा कोण, याविषयी गल्लत होते आहे आणि ती गल्लत कोणाच्या पथ्यावर पडते याचा विचार फारसा होत नाही.

हा प्रश्न कागदावर न सोडवता माणसांत पाहायचा असेल तर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांकडे पाहावे. अंबरनाथला आयुधनिर्माणी आणि तिच्या शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. दोन्हींतले कामगार केंद्र सरकारचे नोकर म्हणून भरती झाले. त्याच गावात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमध्ये रसायनांचे, औषधांचे आणि इंजिनिअरिंगचे शेकडो खाजगी कारखाने आहेत. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभारलेले गाव. तेथे जीन्स शिवणाऱ्या, धुणाऱ्या आणि बटणे लावणाऱ्या हातांची गणती कोणत्याही हजेरीपटावर नीट होत नाही. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेले कारकून, शिक्षक, गिरणी कामगार आणि विक्रेते बदलापुरात राहतात. कर्जत लोकलच्या एकाच डब्यात हे सारे उभे असतात, एकाच बाजारात भाजी घेतात. त्यांच्या म्हातारपणाची तरतूद मात्र तीन वेगवेगळ्या तराजूंत तोलली जाते.

पहिला तराजू

पहिला तराजू सरकारी निवृत्तांचा. सातव्या वेतन आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये आणि किमान निवृत्तिवेतन ९,००० रुपये ठरले. त्यावर महागाईनुसार दर सहा महिन्यांनी भत्ता वाढत गेला. जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला, म्हणजे नऊ हजारांचे चौदा हजार दोनशे वीस झाले. ही काही चैन नव्हे. दोन वृद्धांचे घरभाडे, किराणा आणि रक्तदाबाची औषधे यांतच ती रक्कम संपते. निवृत्तिवेतन ही मालकाने मर्जीने दिलेली बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले आणि निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांमध्ये भेद करण्यास नकार दिला.

या हक्कालाही पुढे कात्री लागली. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रात आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्रात नोकरीस लागलेल्यांचे निश्चित निवृत्तिवेतन गेले. त्यांची म्हातारपणाची पुंजी बाजाराच्या चढउतारांवर सोपवण्यात आली. एकाच कचेरीत शेजारी बसणारे दोन कारकून, काम एक, टेबल एक. पण एकाला अखेरच्या वेतनाच्या निम्मे निश्चित, तर दुसऱ्याला काय मिळेल ते बाजाराला ठाऊक. मार्च २०२५ मध्ये वित्त विधेयकाबरोबर संमत झालेल्या तरतुदींनी निवृत्तांमध्ये भेद करण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. नकारा निकालाच्या गाभ्यालाच त्याने धक्का बसला आहे.

दुसरा आणि तिसरा

दुसरा तराजू खाजगी कारखान्यातील कामगाराचा. १६ नोव्हेंबर १९९५ रोजी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. मालकाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या हिश्शातून वेतनाचे ८.३३ टक्के तिच्यात जातात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर, असे तिचे सूत्र. परंतु वेतन म्हणजे प्रत्यक्ष पगार नव्हे, तर सरकारने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतचाच पगार. ही मर्यादा २००१ पासून २०१४ पर्यंत ६,५०० रुपयांवर गोठून राहिली. अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यातून २०१० साली निवृत्त झालेल्या फिटरचा हिशेब मांडून पाहावा. १९९५ नंतरची पंधरा वर्षे, वेतन साडेसहा हजार. उत्तर येते सुमारे १,३९३ रुपये. आधीच्या सेवेबद्दलची अल्प जोड धरली तरी दोन हजारांच्या आसपासच गाडी थांबते.

त्याहून मोठा घाव असा की या योजनेत महागाई भत्ताच नाही. २०१० साली जो आकडा ठरला तोच आकडा मरेपर्यंत. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये झाले. त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली तरी तो आकडा हलला नाही. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्येच किमान तीन हजारांची शिफारस केली होती, म्हणजे एक हजाराचा निर्णय घेताना सरकारसमोर तिप्पट रकमेची शिफारस होती. साडेसात हजार रुपये आणि महागाई भत्ता या मागणीसाठी बुलढाण्यात २०१८ पासून साखळी उपोषण सुरू झाले. या योजनेत देशातील पाऊण कोटीहून अधिक निवृत्त आहेत. आणि १९९५ च्या आधीच ज्याचे काम सुटले, त्याला या योजनेचा दरवाजाच उघडला नाही. १९८२ च्या संपात देशोधडीला लागलेला गिरणी कामगार त्यांतलाच.

तिसरा तराजू ज्यांच्याकडे कोणताच कागद नाही त्यांचा. उल्हासनगरात नगावर मजुरी घेणारा शिलाई कामगार, अंबरनाथच्या वसाहतीत दर वर्षी ठेकेदार बदलला की नव्याने 'भरती' होणारा कंत्राटी हमाल, बदलापूरच्या इमारतींत धुणीभांडी करणारी बाई. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. ठेकेदारांच्या कागदांत ती दहा वर्षे कधी जुळतच नाहीत. यांच्यासाठी उरते श्रावणबाळ योजना. वयाची पासष्ट वर्षे पूर्ण झाल्यावर २०२३ च्या वाढीनंतर दरमहा १,५०० रुपये, तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. म्हणजे दरमहा दोन हजार निवृत्तिवेतन मिळणारा तो फिटर या योजनेच्या दृष्टीने सधन ठरतो! वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा तर कित्येक वर्षे दोनशे रुपयांवर, आणि वयाची ऐंशी उलटल्यावर पाचशेवर, खिळून राहिला.

भांडण कोणाशी?

हे तीन तराजू शेजारी ठेवले की पहिल्यातले थोडे काढून घ्यावे, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एकच प्रश्न विचारला पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ रोजी राज्य कर्मचाऱ्याचे निश्चित निवृत्तिवेतन गेले, तेव्हा अंबरनाथच्या फिटरच्या पदरात काय पडले? एक रुपयाही नाही. उलट 'सरकारच देत नाही तर आम्ही का द्यावे?' असे म्हणण्याची सोय मालकांना झाली. सरकारी वेतन हा खाजगी वेतनाचा मापदंड असतो. तो खाली आला की त्याच्या आधाराने केलेली प्रत्येक मागणी खाली येते. दोन कामगारांच्या भांडणात नफा तिसऱ्याचा होतो, हे कामगार चळवळीचे पहिले पाठ आहेत.

तरीही सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांवरील जबाबदारी यामुळे संपत नाही. १४ ते २० मार्च २०२३ या काळात महाराष्ट्रातील लाखो कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले. मागणी न्याय्य होती. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुधारित योजना स्वीकारली. मात्र तिचा लाभ कायम कर्मचाऱ्यांपुरता राहिला. त्याच कचेऱ्यांत, त्याच रुग्णालयांत, त्याच सफाई खात्यांत कंत्राटावर राबणारे त्या निर्णयाच्या बाहेर उरले. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कामगारांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब सरकारच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. तरी एकाच गल्लीत दोन झाडूवाले दोन पगारांवर राबतात. कायम कामगारांची संघटना कंत्राटी सोबत्यासाठी संपाची नोटीस देत नाही, तोवर 'सरकारी जावई' हा टोमणा बोथट होणार नाही.

शिवाय ही सुरक्षितता कायमची असते हाही भ्रमच. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुधनिर्माण्या सात कंपन्यांत विभागल्या गेल्या. अंबरनाथच्या शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन कारखान्यांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या. कामगार मानीव प्रतिनियुक्तीवर गेले, आणि त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपाला मनाई करणारा कायदाही संमत झाला. कालचा सुरक्षित कामगार उद्याच्या असुरक्षिताच्या रांगेत कसा येऊन उभा राहतो, हे पाहायला अंबरनाथकरांना दूर जावे लागत नाही.

पैसा आणि परंपरा

'पैसा कोठून आणायचा?' हा आक्षेप ठरलेला आहे. महाराष्ट्राने त्याचे उत्तर एकदा दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना आकाराला आली आणि तिच्यासाठी १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामासाठी आपल्या पगारातून वाटा दिला. त्याआधी १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाकडून मजुरीवर अधिभार घेऊन हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. ज्याला एक मालक नाही त्यालाही निधी मिळू शकतो, हे सिद्ध केले. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेतर्फे २०१२ पासून मांडलेली सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची मागणी, किमान वेतनाच्या निम्म्याइतकी, याच परंपरेतली होती.

या परंपरेला धरून पुढची वाट आखता येते. महागाईचा निर्देशांक सरकारी निवृत्ताला लागू होतो, तोच प्रत्येक निवृत्तिवेतनाला, श्रावणबाळच्या दीड हजारालाही, लागू व्हावा. खाजगी कामगाराच्या किमान निवृत्तिवेतनाचा फेरविचार वेतन आयोगाबरोबरच ठरावीक मुदतीने व्हावा. ठेकेदार बदलला तरी कामगाराची सेवा अखंड धरली जावी. आणि सरकारी वेतनाला कात्री लावायचीच असेल तर ती वरून लावावी: सातव्या आयोगाने तळाला अठरा हजार आणि शिखराला अडीच लाख ठेवले, म्हणजे सुमारे एकास चौदा. चतुर्थ श्रेणीच्या शिपायाकडे बोट दाखवणाऱ्यांची नजर या आकड्यावर क्वचितच जाते.

या मागण्या वेगवेगळ्या मोर्च्यांनी पुढे सरकणार नाहीत. आयुधनिर्माणीची युनियन, पालिकांचे कामगार, वसाहतींतील कारखान्यांचे निवृत्त आणि उल्हासनगरचे शिलाई कामगार यांची एक समिती या तीन गावांत उभी राहिली, तर आठव्या आयोगाकडे जाणाऱ्या निवेदनात प्रथमच आयोगाच्या कक्षेबाहेरच्या माणसांचाही उल्लेख येईल. आयोग त्याची दखल घेईल किंवा घेणार नाही; पण ज्यांच्या नावाने सरकारी कर्मचाऱ्याला हिणवले जाते, तेच लोक त्याच्या शेजारी उभे असतील. तेवढ्यानेही या भांडणाची दिशा बदलेल.