पार्ट मिळतात का?

नांदेड-लातूरकडे गाडीची खरी पारख शोरूममध्ये होत नाही, ती विकायला काढल्यावर होते. एमएच २६ किंवा एमएच २४ ची दहा वर्षं पळालेली गाडी असली, की घेणारा रंगाआधी पार्टचं विचारतो. ह्युंदाईबद्दलचं लोकमत या एका प्रश्नाभोवती घडलं, असं मला वाटतं. १९९८ च्या सुमारास दोन कोरियन छोट्या गाड्या भारतात आल्या: ह्युंदाईची सँट्रो आणि देवूची मटिझ. मटिझ दिसायला उजवी. सँट्रोच्या उंच टपाला लोक हसले. (शाहरुख खानच्या जाहिरातीनं ते हसू जरा आवरलं.) पण देवू कर्जात बुडाली आणि मटिझवाले पोरके झाले. मटिझचीच पुढची पिढी जनरल मोटर्सनं २००७ मध्ये शेवरोले स्पार्क म्हणून आणली, आणि २०१७ च्या अखेरीस त्या कंपनीनंही इथली विक्री गुंडाळली. ह्युंदाई मात्र राहिली. कुणी म्हणेल, टिकणंच मोजायचं तर मारुती काय वाईट? वाईट नाहीच, खेड्यातल्या मिस्त्रीचा हात आजही तिच्यावरच आधी बसतो. शिवाय ह्युंदाईचं नाव काही जन्मजात चांगलं नव्हतं. १९८६ मध्ये अमेरिकेत गेलेली एक्सेल भरपूर खपली, पण कच्चेपणामुळे थट्टेचा विषय झाली. पुढे इंजिन-गिअरबॉक्सवर दहा वर्षांची वॉरंटी देऊन कंपनीला पत कमवावी लागली. आणि जनरल मोटर्सचा तळेगावचा बंद पडलेला कारखाना? २०२४ च्या जानेवारीत तो ह्युंदाईच्याच ताब्यात आला.