घरातला पाहुणा

‘आमचा मुलगा परीक्षा देतो आहे’ हे वाक्य अलीकडे आपल्या मध्यमवर्गीय घरांवर पाटीसारखे लटकलेले असते. फराळाला आलेल्या काकांनी “सध्या काय चाललंय रे?” असे विचारण्याचा अवकाश, तिशीला टेकलेले चिरंजीव ताटातल्या चकलीकडे पाहू लागतात आणि त्यांच्या वतीने आईच हे वाक्य म्हणून टाकते. मग पुढे कोणी काही विचारीत नाही. मला राग आहे तो त्या मुलाचा नव्हे. त्या वाक्याच्या आड लपणाऱ्या आपणा वडीलधाऱ्यांचा आहे.

परीक्षा खोटी आहे असे नाही. २०२३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सनदी सेवा परीक्षेसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले सुमारे ५ लाख ९२ हजार, आणि अखेरीस निवड झाली १,०१६ जणांची. बाकीचे सगळे काय आळशी होते? नोकरी मिळणे मुलाच्या हाती नाही, हे मला पुरते मान्य आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली, ती मुलांची अडचण पाहूनच केली असेल. परंतु आमच्या घरांनी तिचा अर्थ काय घेतला? तर आणखी पाच वर्षे पोराला काही सांगायचे नाही!

नोकरी निराळी आणि काम निराळे, हे आपण विसरलो. याच घरात बी.ए. होऊन बसलेली मुलगीही असते. नोकरी तिलाही नाही. पण तिला कोणी रिकामी म्हणत नाही, कारण ती रिकामी नसतेच. सकाळचा चहा, आजीच्या गोळ्या, डबे, भाचरांचा अभ्यास, आला-गेला, सगळे तिच्याकडे. तीही परीक्षा देत असली तर पोळ्या लाटून झाल्यावर देते. दादाचा अभ्यास मात्र इतका नाजूक, की स्वतःचे ताट उचलून मोरीत ठेवले तरी तो मोडतो. “वाचून वाचून दमतो हो बिचारा,” असे आई मला सांगत असते आणि तिच्या मागून ती मुलगी पाण्याची बादली घेऊन जिना चढत असते. हे मी एकाच घरी पाहिलेले नाही.

आईने लाड करावेत, तर वडिलांनी टोमणे मारावेत. पानावर बसलेल्या मुलाला ‘ऐतखाऊ’ म्हणण्यात कसला आला आहे पुरुषार्थ? घासाघासाला हिशेब ऐकवायचा आणि खरा हिशेब मात्र कधी दाखवायचा नाही! निवृत्तिवेतन किती येते, घराचा हप्ता किती जातो, क्लासच्या फीसाठी कोणता दागिना गहाण पडला, हे सारे तीस वर्षांच्या माणसापासून लपवून ठेवतात. का, तर त्याचे अभ्यासात लक्ष लागणार नाही! ज्याला उद्या तालुक्याचा महसूल सांभाळायचा आहे, त्याला घरच्या वाण्याचे बिल ठाऊक नाही.

कायद्याने तर हे बंधन घातलेलेच नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलगा सज्ञान होईपर्यंतच त्याला पोसण्याची जबाबदारी आईबापांवर आहे. पुढे वृद्ध आईबापांची जबाबदारी मुलांवर येते. म्हणून मुलाला घराबाहेर काढा, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे परक्याचाही पाहुणचार होतो. पण पाहुणा वेगळा आणि घरचा माणूस वेगळा. आपण पोटच्या मुलाला दहा-दहा वर्षे पाहुणा करून ठेवतो, आणि वर तो परक्यासारखा वागतो म्हणून कुरकुरतो.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. या बाईने पदवीधरांना काय शिकवावे, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. शाळेत मी एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहते आहे. सारखा नापास होणारा, मागच्या बाकावर मान घालून बसणारा मुलगा असतो ना, त्याच्याकडे घंटा देण्याचे काम सोपवले की चार दिवसांत त्याची मान वर होते. गणित काही त्याला येऊ लागत नाही; पण तो वर्गातला होतो.

तेव्हा येत्या पाडव्याला घरखर्चाची वही मुलापुढे ठेवा. येते किती, जाते किती, त्याला वाचू द्या. आणखी किती वेळा परीक्षेला बसायचे आणि कोणत्या वर्षी थांबायचे, हे त्यालाच ठरवू द्या, त्याच वहीत त्याच्याच अक्षरात. शिकवण्या करून किंवा एखाद्या दुकानात हिशेब लिहून त्याने चार पैसे आणले, तर ‘साहेब व्हायचा मुलगा दुकानात बसला’ म्हणून तोंड लपवू नका. आजीचा दवाखाना, पाणी आणि एका वेळचा स्वयंपाक त्याच्याकडे द्या. आणि त्यातून मोकळ्या झालेल्या दोन तासांत त्याच्या बहिणीला अर्ज भरू द्या. तिचीही वयोमर्यादा सरत चालली आहे.