कायदा आपला-तुपला : बिनफीचे वकील



मुलगी 'लॉ' करतेय म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला : "कुठल्या फर्ममध्ये लागणार?" यंदा ओळख करून घेऊ या वेगळी वाट धरलेल्या वनिता गुप्ता यांची. जन्म फिलाडेल्फियाचा, आईवडील भारतातून आलेले. 2001 मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून कायद्याची पदवी घेऊन त्या एनएएसीपी लीगल डिफेन्स फंडात रुजू झाल्या. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा 1954 चा ब्राउन खटला लढवणारी हीच ती संस्था.

टेक्ससमध्ये टुलिया नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. जुलै 1999 मध्ये तिथे अमली पदार्थ विकल्याच्या आरोपावरून 46 जणांना पकडलं. त्यातले बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. पुरावा काय, तर एकट्या गुप्त पोलिसाचा शब्द. ध्वनिफीत नाही, दुसरा साक्षीदार नाही, धाडीत माल सापडला नाही. तरी एकाला 90 वर्षांची शिक्षा झाली. ते पाहून बाकीच्या अनेकांनी घाबरून गुन्हा कबूल केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खटल्यात गरीब आरोपीला सरकारने वकील द्यायलाच हवा, हे 1963 पासून ठरलेलं आहे. पण शिक्षा कायम झाल्यावर हेबियस कॉर्पसचा अर्ज करायचा, तर राज्यघटनेने वकिलाचा हक्क दिलेला नाही. तुरुंगातल्या माणसाने फी आणायची कुठून? म्हणूनच 'प्रो बोनो', म्हणजे लोकहितासाठी बिनफी काम करणारा वकील लागतो.

गुप्तांनी अमॅरिलोचे वकील जेफ ब्लॅकबर्न यांच्याबरोबर काम केलं आणि वॉशिंग्टनच्या मोठमोठ्या फर्म्सनाही बिनफी कामाला जुंपलं. मार्च 2003 मध्ये टुलियातच सुनावणी झाली आणि त्या पोलिसाची साक्ष कोलमडली. ऑगस्टमध्ये गव्हर्नर रिक पेरी यांनी 35 जणांना माफी दिली. पुढच्या वर्षी अमॅरिलो शहराने 50 लाख डॉलरची भरपाई मान्य केली. त्या पोलिसाला 2005 मध्ये खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवलं गेलं. मात्र निरपराध माणसांची तुरुंगात गेलेली वर्षं कोणी परत देऊ शकलं नाही.

गुप्ता पुढे न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाच्या प्रमुख झाल्या आणि 2021 मध्ये असोसिएट ॲटर्नी जनरल, म्हणजे खात्यात तिसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी.

"हा त्यांचा लढा, आपला काय संबंध?" असं आपल्या पार्ट्यांमध्ये कधीकधी ऐकू येतं. संबंध आहे. देशानुसार कोटा ठरवणारी जुनी पद्धत मोडून आपल्यासाठी दार उघडणारा 1965 चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्क चळवळीच्याच लाटेवर आला. ज्यांनी ती चळवळ रस्त्यावर आणि कोर्टात लढवली, त्यांचं देणं आपण लागतो.

न्यूयॉर्कमध्ये वकिलीची सनद घेण्याआधी 50 तास प्रो बोनो काम करावंच लागतं. तेव्हा घरात कोणी 'लॉ' करत असेल, तर यंदा फराळाच्या ताटावर फर्मचं नाव विचारताना हेही विचारा : "आणि ते 50 तास कोणासाठी देणार?"

शुभ दीपावली!