भरलेले घर कोणाच्या हातांवर चालते?

जास्त मुलांचे कुटुंब म्हटले की लोकांची नजर आधी आपल्या मोहल्ल्याकडे वळते. एसटीत, बँकेच्या रांगेत, कधी कधी शिक्षकांच्या खोलीतही तो टोमणा ऐकावा लागतो. म्हणूनच 2021 च्या जुलै महिन्यात केरळमधून आलेली एक बातमी आम्ही दोनदा वाचली. तिथल्या पाला या कॅथलिक धर्मप्रांताने जाहीर केले होते की 2000 नंतर लग्न झालेल्या आणि पाच किंवा अधिक मुले असलेल्या जोडप्यांना दरमहा 1500 रुपयांची मदत मिळेल. ख्रिस्ती घरे लहान होत चालली आहेत, ही त्यामागची काळजी.

काळजी खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे 1992-93 मध्ये देशात एका ख्रिस्ती स्त्रीमागे सरासरी 2.9 मुले होती, 2019-21 मध्ये ती 1.88 झाली. त्याच काळात मुस्लिम स्त्रियांमागे हा आकडा 4.4 वरून 2.36 वर आला. घरे सगळ्यांचीच लहान होत आहेत. टोमणे मारणाऱ्यांना हे आकडे शांतपणे दाखवावेत आणि पुढे चालावे.

आम्हांला विचार पडला तो त्या 1500 रुपयांचा. एवढ्यात काय येते, हे लाडकी बहीण योजनेमुळे आता घरोघरी माहीत झाले आहे. पाच मुलांच्या घरात महिन्याचे दूध आणि वह्या निघाल्या तरी पुष्कळ. पैसा लागतोच, पण मुलांचे जेवणखाण, दुखणीखुपणी, रुसवेफुगवे आणि अभ्यास पैशाने उरकत नाही. त्यासाठी घरात कोणाचे तरी हात राबावे लागतात. हे समजून घ्यायचे तर मराठीतल्याच एका ख्रिस्ती घराकडे पाहावे.

हे घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. टिळकांचा जन्म 1861 चा, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे परत आल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचे पोटचे वाढलेले मूल एकच, देवदत्त. तरी अहमदनगरचे हे घर कधी लहान नव्हते. तारा नावाच्या मुलीला त्यांनी लेक म्हणून वाढवले. शिकायला आलेली, आईबापांविना राहिलेली मुले या घरात येत, जेवत, भांडत आणि मोठी होत.

त्यांतलेच एक त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपण शाळेत शिकवतो ते बालकवी. जळगावच्या 1907 च्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाचे कौतुक झाले. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. 1918 मध्ये रेल्वेच्या अपघातात ऐन तरुणपणी तो गेला, तेव्हा त्या घरानेही आपले माणूस गमावले.

या हकिकतीतली एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. ख्रिस्ती घरात राहूनही ठोंबरे ठोंबरेच राहिले. त्यांचे नाव बदलले नाही, धर्मही बदलला नाही. यतीम मुलाला आसरा द्यावा, माया द्यावी, पण त्याच्या बापाचे नाव पुसू नये, ही कुरआनची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हुजूर (स.) स्वतः यतीम होते. यतीमाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या किती जवळ असेल, हे त्यांनी दोन बोटे दाखवून सांगितले. मोठे कुटुंब केवळ जन्मलेल्या मुलांनी होत नाही. वारलेल्या भावाची मुले, शिक्षणासाठी गावाहून आलेला भाचा, अब्बा आखातात आणि अम्मी आजारी म्हणून शेजारी जेवणारी पोर, हीसुद्धा त्या घराची माणसे. अशा घरात मुले वाटून खायला शिकतात, धाकट्याला सांभाळून घ्यायला शिकतात, एकटी पडत नाहीत. ईदच्या सकाळी अशा घरातला गोंगाट ऐकला की बरकत म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

आता दुसरी बाजू. टिळक दिलदार होते, पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. दार उघडून या म्हणणारे ते, आणि आलेल्याच्या पानात काय वाढायचे याचा घोर लक्ष्मीबाईंना. 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा संसार हसत हसत सांगितला आहे, रडगाणे गायलेले नाही. पण वाचताना कळते की त्या हसण्याखाली किती राबणे होते. लग्नानंतर अक्षरे गिरवलेली ही बाई पुढे एवढे मोठे पुस्तक लिहिते, पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेते. घरकामातून तिला थोडी उसंत मिळाली नसती, तर मराठी भाषा या पुस्तकांना मुकली असती.

आपल्या भरल्या घरांत ही उसंत कोणाला मिळते? आम्ही शाळेत हजेरी घेतो तेव्हा याचे उत्तर समोर येते. धाकट्याला ताप आला की गैरहजर राहते ती सातवीतली आपा, आठवीतला भाईजान नव्हे. पाहुणे आले की वही मिटते ती तिची. ती हुशार असते, समजूतदार असते, तक्रार करत नाही, आणि म्हणूनच सगळे तिच्यावर पडते. दहावीपर्यंत पोहोचता पोहोचता ती दोन इयत्तांचा अभ्यास मागे पडलेली असते. मग घरात म्हणतात, तिला शिक्षणाची आवडच नाही. आवड होती. वेळ नव्हता.

मुले दोन असोत की सात, काही गोष्टी आजपासून करता येतील. मोठ्या मुलीच्या अभ्यासाची एक वेळ ठरवावी आणि त्या वेळी तिला कोणी हाक मारू नये. मुलांनी आपले ताट आपण धुवावे, अंथरूण आपण उचलावे. हुजूर (स.) आपली चप्पल आपण शिवत आणि घरच्यांना कामात हातभार लावत, हे आपल्या मुलग्यांना केवळ मकतबमध्ये सांगून चालणार नाही, घरात करून दाखवावे लागेल. जे अब्बा कुवेत-दुबईला आहेत, त्यांनी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना एकत्र सलाम करून फोन ठेवू नये. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाशी पाच मिनिटे वेगळे बोलावे. सात भावंडांतल्या चौथ्या मुलाला त्या पाच मिनिटांची किती भूक असते, हे आम्ही वर्गात रोज पाहतो.

आणि अम्मींनो, दिवसातला अर्धा तास स्वतःसाठी मागून घ्या. नमाज, वाचन, नाही तर नुसता निवांत चहा. तेवढा वेळ घर कोण सांभाळणार, हे आजच रात्री जेवताना सगळ्यांसमोर ठरवा. अल्लाह तुमची घरे भरलेली ठेवो आणि त्यांत राबणाऱ्या हातांना आरामही देवो. आमीन.