भर वस्तीतले निर्जन बेट



जवळजवळ सबंध चित्रपटभर पडद्यावर एकच माणूस, आणि तरीही प्रेक्षक जागचा हलत नाही, हे कसे साधते याचे मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. ‘कास्ट अवे’ (२०००) मध्ये टॉम हँक्स ओसाड बेटावर अडकतो. तेथे माणूस नाही म्हणून मदत नाही, एवढे सरळ. विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘ट्रॅप्ड’ (२०१७) चा नायक शौर्य मात्र मुंबईत, प्रभादेवीसारख्या गजबजलेल्या भागात अडकतो. नातवाच्या आग्रहामुळे आम्ही उभयतांनी तो नुकताच घरी पाहिला.

लग्नाच्या घाईत शौर्य एका रिकाम्या उत्तुंग इमारतीत घर घेतो. परवानग्यांअभावी तेथे कोणीच राहायला आलेले नाही. किल्ली बाहेर कुलपात राहते, वाऱ्याने दार आपटते आणि संपले! माझ्यातला बँक अधिकारी येथे अस्वस्थ झाला. कर्ज देताना भोगवटा प्रमाणपत्र मागितले की ग्राहक कपाळाला आठ्या घालीत. मलाही तो कागद निव्वळ नियमापुरता वाटे. अशा आडमार्गाने घेतलेल्या घरात आपला माणूस राहतो, हे कोणत्याही दप्तरात नसते, हा त्याचा दुसरा अर्थ नोकरीत असताना मला कधी सुचला नाही.

वीज जाते, फोन बंद पडतो, पहारेकऱ्याला नीट ऐकू येत नाही. खाली रहदारी चालूच असते. पुठ्ठ्यावर रक्ताने लिहून तो मदत मागतो, पावसाचे पाणी साठवतो. राजकुमार राव यांचा अभिनय इतका खरा आहे की त्याच्या कोरड्या ओठांकडे पाहून मी दोनदा पाणी प्यायलो.

आपल्या वाचकांना जड जाईल असा भाग पुढे आहे. शौर्य शाकाहारी आहे, आणि भुकेने व्याकूळ होऊन तो कबुतर मारतो. सौ.ने मान फिरवली. मी वर्षानुवर्षे उपवास केले आहेत. पण पच्चक्खाण घेऊन राहिलेल्या उपाशीपणाला पारण्याची वेळ ठाऊक असते. शौर्यच्या भुकेला ती नव्हती. “तुम्ही काय केले असते?” असे सौ.ने विचारले, तेव्हा चटकन तोंडावर आलेले उत्तर मी गिळले. दिग्दर्शकाने त्या कृतीचे समर्थन केलेले नाही आणि धिक्कारही केलेला नाही, हे मला आवडले. शेवटाविषयी लिहीत नाही, तो पाहावा.

चित्रपट संपताच सौ.ने पुण्यात एकट्या राहणाऱ्या धाकट्या चिरंजीवांना फोन लावला आणि शेजाऱ्यांचे नाव विचारले. तीन वर्षे तो त्याच मजल्यावर राहतो. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “आई, दारावरची पाटी वाचून सांगतो.”